कोमटकाकांचा तळहात

कोमटकाकांचं खरं नाव मला आजही माहीत नाही, आणि आता विचारायची सोयही राहिलेली नाही. इतकी वर्षं ज्यांच्या हातात गाडीची किल्ली बिनधास्त देत आले, त्यांना "बरं, तुमचं नाव काय हो?" असं कोणत्या तोंडाने विचारायचं? सगळे कोमटकाका म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

हे नाव त्यांना त्यांच्या धंद्यावरून पडलं. बाकीचे मेकॅनिक ब्रेक, क्लच, गिअर, काय वाट्टेल ते करतात. काका फक्त गाडीच्या तापण्याचं बघतात. रेडिएटर, पाण्याचा पंप, पंखा, पाइप, आणि इंजिनातून पाणी कधी सोडायचं ते ठरवणारी ती छोटी झडप, थर्मोस्टॅट. या सगळ्यासाठी त्यांचं हत्यार एकच, उजव्या हाताचा तळवा. चालू इंजिनाच्या वरच्या पाइपवर हात टेकवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि निकाल द्यायचा. गार, कोमट, गरम, कढत. कढतच्या पुढे त्यांच्याकडे शब्द नव्हता. तिथे ते नुसतं "च्च" करायचे आणि आपण समजायचं की आज गाडी इथेच राहणार. गाडीतला तापमानाचा काटा त्यांच्या खिजगणतीत नव्हता. "काटा काय, सांगेल काहीही," म्हणायचे. "हात खोटं बोलत नाही."

माझी गाडी जुनी. दादा परगावी गेला तेव्हा माझ्या गळ्यात मारून गेला. मी शिलाई मशीनचे सुटे भाग विकते, दुकानोदुकानी फिरते, तेव्हा गाडीवाचून माझं पान हलत नाही. गेल्या महिन्यात भर चढावर काटा लाल रेघेला भिडला आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. मागून हॉर्नचा नुसता गजर. एक गृहस्थ तर खाली उतरून मला सांगायला आले की गाडी बाजूला घ्या. मी म्हटलं, "घ्या ना तुम्हीच उचलून!" मग ते गुपचूप परत गेले. इंजिन निवल्यावर मी गाडी रडतखडत घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी, सुट्टी होती म्हणून, जेवण उरकून काकांकडे घेऊन गेले.

काकांचं गॅरेज म्हणजे एक गाडी आत आणि अर्धी बाहेर, एवढीच जागा. भिंतीला जुने रेडिएटर टांगलेले, कोपऱ्यात पाण्याचा नळ, त्याच्याखाली पत्र्याची बादली. मागच्या जिन्याने वर गेलं की त्यांचं घर. जिन्यावरून काका उतरले ते एका पायात चप्पल घालून.

"काका, दुसरी चप्पल?"

त्यांनी खाली पाहिलं. "अरेच्चा! जिन्यातच राहिली वाटतं." आणि ती आणायला परत वर गेले. मी हसले. आपल्या पायातली चप्पल निसटली तरी पत्ता नाही, म्हणजे कमालच झाली!

"ताई, पाणी शेवटचं कधी बदललंत?" आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"पाणी बदलायचं असतं? मी आजवर पंखा नाहीतर पाइप बिघडला तरच तुमच्याकडे येत होते."

इंजिन पूर्ण गार होतं, तरी सवयीने काकांनी रेडिएटरच्या झाकणावर आधी फडकं टाकलं, मग ते सावकाश फिरवून काढलं, आणि खालचा पाइप सोडून सगळं पाणी बादलीत उतरवलं. मी वाकून बघितलं आणि माझे डोळेच पांढरे झाले. पाणी कसलं, गंजलेल्या खिळ्यांचा काढा! तळाला बोटभर गाळ. हे माझ्या गाडीच्या पोटात फिरत होतं, आणि मी वरून ती दर आठवड्याला धुवून पुसून चकचकीत ठेवत होते.

मग काकांनी नळाची नळी लावून साध्या पाण्याने खळखळून घेतलं. पाइप बोटांनी दाबून दाबून बघितले, कुठे भेगा नाहीत ना. झाकणाचं रबर पालथं करून पाहिलं. खालचा पाइप परत जोडून आत सफाईची पूड घातली आणि वर स्वच्छ पाणी भरलं. "आता इंजिन चालू ठेवायचं. पाणी तापेल, झडप उघडेल, पूड सगळीकडे फिरेल. मग बंद करायचं, निवू द्यायचं, काढायचं, परत धुवायचं. नितळ पाणी येईपर्यंत. त्यानंतरच कूलंट, इंजिन गार ठेवणारं रसायन. लोक काय करतात, घाणीवरच नवं कूलंट ओततात. मळक्या अंगावर अत्तर."

काम करता करता काकांचं तोंड चालू होतं, आणि त्यांच्याकडे हल्ली विषय एकच, त्यांची नात. घरात सगळे तिला महाराणी म्हणतात. नुकती बसायला लागलेली. काकांची लेक औषधांच्या दुकानात काम करते. तिची रजा संपली आणि ती बाळाला घेऊन आईवडिलांकडे राहायला आली, कारण जावई कामानिमित्त सतत बाहेरगावी. काकूंची कंबर धरलेली, त्यांना खाली बसून वाकता येत नाही. तेव्हा महाराणीच्या संध्याकाळच्या आंघोळीचं काम काकांनी मागून घेतलं होतं.

"माझ्या लेकीला मी एकदाही आंघोळ घातली नाही हो, ताई," ते म्हणाले. "मी घरी जायचो तोवर ती झोपलेली असायची. लोकांच्या इंजिनांना मात्र रोज आंघोळ. आता ही संधी मी सोडणार नाही. संध्याकाळ झाली की गॅरेज बंद. राजा आला तरी बंद."

"आणि पाणी बघायला तुमचा हात आहेच."

"तर! लेक म्हणते, बाबांनी हात घातला की मला बघायलाच नको." मग जरा थांबून म्हणाले, "पण हल्ली बाईसाहेब नखरे करतात. आधी टबातून बाहेर यायला तयार नसायची. आता पाण्याला पाय लागला की भोकाड पसरते. पाय असे पोटाशी घेते. अंग लालेलाल होतं रडून रडून. तिची आजी म्हणते, दात येतायत."

"आत्तापासून हे, तर पुढे काय करेल तुमची महाराणी!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा आला. काकांनी ग्लास मुठीत धरला आणि तोंड वाकडं केलं. "गारढोण! रोजचंच झालंय हे." आणि रागारागाने एक मोठा घोट घेतला. दुसऱ्याच क्षणी सगळा चहा फवाऱ्यासारखा बाहेर. जीभ भाजली होती. मी माझा ग्लास कडेला धरून अजून फुंकर घालत होते. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. विसराळूपणा, वय, नातीचं वेड, असंच काहीबाही मनात आलं.

इंजिन चालू करून मी आत बसले, कारण मला काट्याची भीती. काका बॉनेटखाली वाकले. त्यांचा उजवा हात वरचा पाइप जिथे इंजिनाला जोडलेला असतो त्या धातूच्या तोंडावर होता, नेहमीसारखा. काटा हळूहळू चढायला लागला.

"काका, अर्ध्यावर आला!"

"येऊ दे. इथे अजून गारच आहे."

थोड्या वेळाने काटा अर्ध्याच्या पुढे सरकला. मी ओरडून सांगितलं.

"गार आहे हो, ताई. तुमची झडप उघडतच नाही. खराब झालीये," काका तिथूनच म्हणाले. "हल्ली सगळ्यांच्याच खराब. परवा त्या डॉक्टरीणबाईंची काढून टाकली, त्याआधी टेम्पोवाल्याची. काय माल बनवतात कळत नाही. चांगल्या चालणाऱ्या गाड्या, आणि झडपा बघाव्या तर बंद."

मला धीर धरवेना. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. काका म्हणत होते, "पाणी रेडिएटरपर्यंत पोचलेलंच नाही. झाकण उघडून बघतो." डाव्या हाताने त्यांनी रेडिएटरचं झाकण धरलं होतं. या वेळी फडकं घेतलं नव्हतं. गार वस्तूला कशाला फडकं? आणि उजवा हात अजून त्या धातूवर तसाच, शांतपणे टेकलेला. टेबलावर टेकावा तसा.

मी का हात लावला, सांगता येणार नाही. काटा खरा की काका, एवढंच मला बघायचं होतं. मी त्यांच्या हाताशेजारी दोन बोटं टेकवली आणि किंचाळले. नुसती "आई गं" नव्हे, अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल असं. "काका! झाकण सोडा, वाफ उसळेल! हात काढा!"

ते दचकले आणि दोन्ही हात वर झाले. माझी बोटं मी तोंडात घातली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि काका माझ्याकडे बघत होते. मला चटका बसल्याची काळजी त्यांच्या तोंडावर होती. "अहो, काय झालं? कुठे भाजलं?"

मी त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं.

त्यांनी तळहात उलटा केला. मधोमध कातडी पांढरी पडून वर आली होती, कडेने लालभडक, आणि एका जागी ती त्या धातूलाच चिकटून राहिली होती. जळकट वास आता माझ्या नाकात शिरला. मी आयुष्यात अपघात पाहिलेत, रक्त पाहिलंय, पण एखादा माणूस आपलाच भाजलेला हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघतोय, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"दुखत नाहीये," काका म्हणाले.

मी त्यांना ओढत नळाखाली नेलं. हातावर पाण्याची धार धरली. ते बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरा हात धारेखाली धरला. मग परत पहिला.

"ताई, हे पाणी कसं आहे?"

"कसं म्हणजे? गार. नळाचं पाणी आहे, काका."

"गार," ते म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याचं नुसतं गार-गरमच ओळखलं, तो मला विचारत होता, नळाचं पाणी कसं आहे म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, ते मात्र कळेना.

"काका, तुम्हाला साखरेचा आजार आहे ना? गोळ्या घेता?"

"घेतो की. आठवण झाली की."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की साखरेने नसा मरतात, आधी पायांच्या, मग हातांच्या, आणि माणसाला कळत नाही कारण काही दुखतच नाही. पण ते दुसऱ्या दिवशी. तेव्हा, नळापाशी, काकांना डॉक्टरांची गरज नव्हती. ते हात कोपरापर्यंत धारेखाली धरून उभे होते आणि एकाएकी त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आता पडतात. त्यांनी नळाचा पाइप घट्ट धरला.

"ती नखरे करत नव्हती," ते म्हणाले.

मला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. पाण्याला पाय लागला की भोकाड. पाय पोटाशी. अंग लालेलाल. आणि हा माणूस रोज संध्याकाळी टबात हात घालून, डोळे अर्धवट मिटून, "कोमट" म्हणत होता.

"किती दिवस झाले असतील, ताई?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हाताला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळलं. वरून काकूंची हाक आली, "अहो, चला! महाराणी वाट बघतायत. लेक पण आली दुकानातून."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर काका थांबले. "ताई, एक ऐका. वर काही बोलू नका. हात भाजला एवढंच सांगू. भाजतोच की माझा अधूनमधून. पाणी मी कोपराने बघीन. कोपराला कळतंय अजून, मी आत्ताच बघितलं."

"काका, सांगावं लागेल."

"सांगितलं तर माझ्याकडे देणार नाहीत तिला."

"नाहीच देणार!" मी ताडकन म्हणाले. "मी असते तर मीही दिली नसती!" बोलून गेले, आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली. पण शब्द परत घेतले नाहीत. खोटं नव्हतंच ते.

काका वळले. एकेक पायरी बघून, पाय कुठे पडतोय ते डोळ्यांनी बघून, वर गेले. मीही मागोमाग गेले. मला परत फिरणं शक्य नव्हतं.

घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाजूला न्हाणीघर. काकू खुर्चीत बसून बाळाचं झबलं काढत होत्या. लेक केस बांधत उभी होती. काकांच्या हाताचं फडकं बघून दोघी एकदमच बोलायला लागल्या. काकांनी दुसऱ्या हाताने त्यांना थांबवलं आणि सरळ न्हाणीघरात गेले. आता हे कोपराने बघणार, गप्प राहणार, आणि मलाच तोंड उघडावं लागणार.

त्यांनी निळा टब नळाखाली ओढला. गरम पाण्याचा नळ सोडला, मग गार पाण्याचा. डावा हात पाण्यात घातला. डोळे अर्धवट मिटले. थोडं गरम आणखी सोडलं. परत हात घातला. आणि मग अगदी रोजच्यासारखं म्हणाले, "कोमट."

बाळाने तो शब्द ऐकला आणि ते रडायला लागलं. पाण्याला पाय लागायच्या आधीच. काकूंच्या मांडीवर, उघड्या अंगाने, पाय पोटाशी घेऊन. मी भिंतीला टेकले.

"झाली सुरू," काकू म्हणाल्या. "दात, दुसरं काही नाही."

"तू इकडे ये," काकांनी लेकीला हाक मारली. "पाण्यात हात घाल."

"कशाला? तुम्ही बघितलंत ना?"

"घाल, बाळा."

तिने हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "बाबा! अहो, किती कढत! हात भाजला म्हणून लक्ष नाही का तुमचं? यात घालणार होतात तिला?"

"रोज एवढंच असतं," काका म्हणाले.

घरात बाळाचं रडणं तेवढं चालू होतं. काकांनी फडकं सोडून लेकीला तळहात दाखवला. "मला कळत नाही. दोन्ही हातांना कळत नाही. आज कळलं." एवढंच बोलले. सबबी सांगितल्या नाहीत, साखरेचं नाव काढलं नाही.

लेकीने आईच्या मांडीवरून बाळाला उचललं आणि दिव्याखाली नेलं. पाठ बघितली, मांड्या बघितल्या, पायाच्या बोटांच्या बेचक्या उघडून उघडून बघितल्या. फोड नव्हते. पावलं आणि मांड्यांचा मागचा भाग मात्र लालसर होता. त्यावर रोज पावडर लावली जात होती, कारण सगळ्यांना ते घामोळं वाटलं होतं. काकूंनी पदर तोंडात धरला. "मीच सांगायचे हो यांना, पाय धरून बसवा म्हणून," त्या म्हणाल्या. "ती पाय वर घ्यायची आणि मी इथून ओरडायचे, धरून खाली करा."

लेकीने अर्धा टब ओतून दिला आणि गार पाणी भरलं. स्वतःचं मनगट घातलं, मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही पण बघा." मी बघितलं. मग काकूंना कमरेतून वाकता येत नव्हतं म्हणून तिने तांब्यात पाणी नेऊन त्यांनाही दाखवलं. काकांना कुणी विचारलं नाही. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

बाळ टबात गेलं तेव्हा आधी खूप रडलं. अंग ताठ केलं, पाय वर घेतले. लेकीने तिला पाण्यावर तसंच धरून ठेवलं, खाली दाबलं नाही. मग एक टाच पाण्याला लागली. रडणं थांबलं. दुसरा पाय आपणहून खाली आला. थोड्या वेळाने तिने पाण्यावर हात आपटला, सगळं लेकीच्या तोंडावर उडालं, आणि महाराणी खदखदून हसली.

ते हसणं ऐकून आम्ही तिघी रडलो. मी उगाच नाक शिंकरत होते. काका रडले नाहीत. ते खालच्या लादीकडे बघत होते, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यापेक्षा लेकीने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती चिडली होती, पुरती चिडली होती, ते तिच्या टॉवेल ओढण्यातूनही दिसत होतं.

तिने बाळाला पुसलं, गुंडाळलं. मग वडिलांना म्हणाली, "बसा." काका खुर्चीवर बसले. तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, पण स्वतः बाजूला झाली नाही. एक हात बाळाच्या पाठीखाली राहू दिला. काका अवघडून बसले होते, भाजलेला हात लांब धरून, दुसरा मांडीवर सोडून. नजर खिडकीबाहेर. बाळाकडे बघायची हिंमत होत नव्हती त्यांची.

"बाबा," जरा वेळाने लेक म्हणाली. आवाज निवळला होता. "बघा तरी. तिने तुमचं बोट धरलंय."

काकांनी मान खाली केली. त्यांचं बोट महाराणीच्या मुठीत होतं, इतकं घट्ट की तिची नखं पांढरी पडली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.